फॉरमॅट मारण्याआधी

जुलैचा शेवटचा आठवडा. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते. आर्णीपासून झरी-जामणीपर्यंत प्रत्येक सेवा केंद्रासमोर सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड घेऊन माणसं उभी असतात, आणि आत टेबलावरची स्क्रीन निळी होते. केंद्रचालक बटण दाबून ‘सीपीयू’ बंद करतो, पुन्हा चालू करतो. दोन अर्ज भरून होतात, तिसऱ्याचा अंगठा घेताना स्क्रीन परत निळी. मग यवतमाळला मेकॅनिककडे फोन जातो आणि तिकडून ठरलेलं उत्तर येतं : “फॉरमॅट मारून टाकू भाऊ, विंडोज नवीन टाकून देतो.”

फॉरमॅट मारल्यावर यंत्र खरंच सुरळीत चालतं. मग केंद्रचालक लागेल तसं एकेक सॉफ्टवेअर परत टाकत जातो. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, अँटिव्हायरस. जितकं काही आधी होतं तितकं सगळं परत आलं की निळी स्क्रीनही परत येते. मेकॅनिकने फसवलं असं वाटतं, पण त्याने आपलं काम चोख केलेलं असतं. बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. तो परत टाकलेल्या दोन सॉफ्टवेअरच्या मधोमध होता, आणि फॉरमॅटने तो कुठे आहे हे सांगणारा सगळा पुरावा तेवढा पुसून टाकला.

दोन सॉफ्टवेअरचा संघर्ष ही चीज आपल्या नेहमीच्या विचाराला चकवा देते. काही बिघडलं की ‘कोण बिघडलं’ असं आपण विचारतो. इथे कोणीच बिघडलेलं नसतं. धुऱ्यावरून भांडणारे दोन शेतकरी आपापल्या शेतात उत्तम कसणारे असतात, दोघांकडे कागद असतात, आणि तरी त्या हातभर पट्ट्यावरून डोकी फुटतात. संगणकातही अशा सामाईक जागा असतात. त्या कोणत्या, हे कळलं की अर्धा उलगडा होतो.

अंगठ्याचं यंत्र घ्या. आधारची बायोमेट्रिक ओळख पटवायला २०१७ पासून ‘नोंदणीकृत उपकरणं’ सक्तीची होत गेली. अशा प्रत्येक उपकरणासोबत ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा एक छोटा प्रोग्राम संगणकात बसतो आणि पाठीमागे सतत चालू राहतो. सरकारी संकेतस्थळाला अंगठा हवा असला की ते तुमच्याच संगणकातल्या एका क्रमांकाच्या दारावर टकटक करतं. या दारांना पोर्ट म्हणतात आणि आरडी सर्व्हिससाठी ११,१०० ते ११,१२० ही दारं ठरवून दिलेली आहेत. आता केंद्रात आधीचं एका कंपनीचं यंत्र होतं, ते जुनं झालं म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं, पण जुन्याची सर्व्हिस काढली नाही. सकाळी संगणक चालू होताना जी सर्व्हिस आधी उठते ती ११,१०० वर बसते, दुसरी ११,१०१ वर सरकते. संकेतस्थळ सगळी दारं तपासणारं असेल तर काही अडत नाही. ते फक्त पहिलंच दार वाजवणारं असेल, तर नव्या यंत्राचा लाल दिवा लागलेला असूनही उत्तर येतं, ‘डिव्हाइस सापडलं नाही’. काल चाललं, आज नाही, उद्या पुन्हा चालेल, कारण सकाळी कोण आधी उठलं यावर सगळं अवलंबून. यात यंत्राचा काय दोष?

डोंगलचंही तसंच. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि महसुली कामात सहीचे डोंगल रोजच्या वापराचे झाले. डोंगल बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि प्रत्येकीचं आपलं सॉफ्टवेअर. एकाच संगणकावर तीन माणसांचे तीन जातीचे डोंगल वापरले की तीन सॉफ्टवेअर बसतात, आणि डोंगल खुपसल्याबरोबर ‘हे माझं’ म्हणून तिघंही धावतात.

मराठी टायपिंगची जुनी गोष्ट तर प्रत्येक छापखान्याला ठाऊक आहे. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान उभं केलं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं, आणि तिथून निघालेल्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरवर कित्येक कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं मराठी टाइप केलं. विंडोजला स्वतःहून देवनागरी नीट यायला २००० साल उजाडलं. तोवर टायपिंगच्या सॉफ्टवेअरकडे एकच मार्ग होता : तुम्ही दाबलेली कळ विंडोजकडून पुढच्या प्रोग्रामकडे जात असताना मधेच अडवायची आणि तिच्या जागी मराठी अक्षर सरकवायचं. या मधल्या पकडीला हुक म्हणतात. हाताला रेमिंग्टन कळफलक बसलेला टंकलेखक एक सॉफ्टवेअर टाकतो, इनस्क्रिप्ट कळफलकवाला दुसरं टाकतो, आणि दोन हुक एकामागे एक लागतात. पहिल्याने बदललेलं अक्षर दुसरा पुन्हा बदलतो. कधी नुसता अक्षरांचा गोंधळ होतो, कधी टाइप करत असलेली फाइल हँग होते.

आतापर्यंतच्या उदाहरणांत एखादं काम अडलं, एखादा प्रोग्राम हँग झाला. पूर्ण संगणक कोसळण्यासाठी भांडण आणखी आत जावं लागतं.

विंडोजमध्ये प्रोग्रामच्या दोन पातळ्या असतात. वर्ड, ब्राउझर, टॅली हे बाहेरच्या पातळीवर चालतात. त्यांची मेमरी एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असते, म्हणून ब्राउझर पडला तरी वर्डमधला अर्ज शाबूत राहतो. आतल्या पातळीला कर्नल म्हणतात. तिथे मेमरी, डिस्क, वीजपुरवठा यांचा कारभार चालतो, आणि तिथे एकमेकांमध्ये भिंत नसते. ड्रायव्हरना आपलं काम करायला या आतल्या खोलीत प्रवेश द्यावा लागतो. तिथे एकाने चुकून दुसऱ्याच्या मेमरीत लिहिलं, तर पुढे काय बिघडेल याचा भरवसा राहत नाही. डिस्कवर चुकीचं काही लिहिलं जाण्यापेक्षा सगळं जागच्या जागी थांबवलेलं बरं, असं विंडोज ठरवतं आणि थांबतं. निळी स्क्रीन म्हणजे हे मुद्दाम केलेलं थांबणं. लोक तिला आजार समजतात. तुमची माहिती वाचवण्यासाठी तिने काम बंद केलेलं असतं.

या खोलीत दोष कोणाचा असतो, यावर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली एका शोधनिबंधात आकडा दिला होता : विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे. पाच वर्षं आधी, २० एप्रिल १९९८ रोजी, शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने विंडोज ९८ ची थोरवी दाखवायला एक स्कॅनर जोडला, आणि हजारोंसमोर मोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली. स्कॅनर जोडल्यावर यंत्र पडलं म्हणून उमरखेडच्या केंद्रचालकाने लाजायचं कारण नाही.

सगळ्यात आडमुठं भांडण दोन अँटिव्हायरसचं. अँटिव्हायरसला कोणतीही फाइल उघडण्याआधी तपासायची असते, म्हणून तो कर्नलमध्ये फाइलींच्या वाटेवर चौकी लावून बसतो. दोन अँटिव्हायरस असले की पहिला फाइल तपासायला उघडतो, दुसऱ्याला ते ‘कोणीतरी फाइल उघडली’ असं दिसतं, तो ती तपासायला जातो, आणि दोघं एकमेकांच्या सुटकेची वाट बघत थांबतात. शिवाय एकाच्या पोटातल्या विषाणूंच्या खुणा दुसऱ्याला विषाणूच वाटू शकतात. विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो, आणि बाहेरचा एखादा रीतसर बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. पण बाहेरचे दोन बसवले तर त्यांच्यात मध्यस्थी करणारं कोणी नाही. दुकानदाराने नव्या संगणकासोबत एक टाकून दिलेला, पुतण्याने फुकटचा दुसरा उतरवलेला, असा संसार यवतमाळमध्ये काही दुर्मीळ नाही.

अँटिव्हायरसचं खुद्द विंडोजच्या अपडेटशीही बिनसू शकतं. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला ‘मेल्टडाउन’ नावाचा दोष झाकणारं अपडेट आलं, तेव्हा काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत असे आडवाटेने शिरत होते की अपडेटनंतर संगणक निळा पडून उठतच नव्हता. शेवटी मायक्रोसॉफ्टने अट घातली : अँटिव्हायरसने ‘मी सुसंगत आहे’ अशी खूण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, लिहिल्याशिवाय ते अपडेट द्यायचंच नाही. म्हणजे ज्यांचा अँटिव्हायरस जुना, त्यांना तेव्हा नवं संरक्षणही मिळालं नाही.

हे झालं कारणांचं. आता शोध कसा घ्यायचा.

आधी संशयितांच्या यादीतून यंत्राची हाडं वगळायला हवीत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो, पंख्यात धूळ आणि जिनिंगजवळ असाल तर कापसाची तूस अडकलेली असते, आणि वीज तर काय, विचारू नका. दुपारीच पडतो, सकाळी पडत नाही, असं असेल तर पहिल्यांदा कॅबिनेट उघडून ब्रश मारा. निळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक सांकेतिक नाव येतं, त्याला स्टॉप कोड म्हणतात. ते दर वेळी वेगळं, आणि संगणक कोणतंही काम करताना पडतो, तर रॅमवर संशय घ्यावा. विंडोजमध्येच मेमरी तपासणारा प्रोग्राम असतो, तो रात्रभर चालू ठेवता येतो. कोड दर वेळी तोच, आणि पडणं ठरावीक कृतीवर, उदाहरणार्थ अंगठा घेतानाच किंवा प्रिंट देतानाच, तर सॉफ्टवेअरकडे वळावं.

मग तारीख पाहायची. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असा शब्द शोधला की विंडोजने ठेवलेली एक दिनदर्शिका उघडते. कोणत्या दिवशी काय पडलं आणि कोणत्या दिवशी काय बसवलं गेलं, हे तिच्यात एकाखाली एक दिसतं. संगणकाच्या दुरुस्तीत इतकं उपयोगी आणि इतकं दुर्लक्षित पान दुसरं नसेल. पहिल्या लाल फुलीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काय बसलं, हा प्रश्न. ‘मी काहीच टाकलं नाही’ असं केंद्रचालक सांगतो ते खरंच असतं, पण मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे बहुधा बुधवारी उतरतात, आणि कोणालाही न विचारता बसतात. अँटिव्हायरसही आपलं आपण नवं होतं.

कोसळताना विंडोज एक छोटी टिपणाची फाइल मागे ठेवतं, मिनिडम्प. ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ या फुकट प्रोग्रामने ती वाचता येते आणि पडतेवेळी कोणता ड्रायव्हर चालू होता ते कळतं. इथे मात्र घाई नको. टिपणात ज्याचं नाव येतं तो पडलेला असतो; ढकलणारा कदाचित आधीच निघून गेलेला असतो. एका ड्रायव्हरने दुसऱ्याची मेमरी नासवली, तर नासकी मेमरी वाचणारा दुसराच पकडला जातो. बऱ्याचदा तिथे खुद्द विंडोजच्या गाभ्याचं नाव दिसतं आणि ‘विंडोज करप्ट झाली’ म्हणून पुन्हा फॉरमॅटचीच गाडी निघते. एकच बाहेरचं नाव चार-पाच टिपणांत सलग आलं तर ते गंभीरपणे घ्यावं.

नाव हाती आलं नाही तर अर्ध्या-अर्ध्याची पद्धत. ‘एमएसकॉन्फिग’ या विंडोजच्याच सोयीत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवून बाकीच्यांवरची खूण काढता येते आणि आपोआप सुरू होणारे बाहेरचे प्रोग्रामही बंद ठेवता येतात. असं मोजक्या सामानात चालू करणं म्हणजे क्लीन बूट. सगळं बंद असताना संगणक पडत नाही, सगळं चालू असताना पडतो, हे ठरलं की निम्मे चालू करायचे. दोषी एकच असता तर काम सोपं होतं : पडला तर या निम्म्यात, नाही पडला तर त्या निम्म्यात.

पण आपल्याला जोडी शोधायची आहे, आणि इथेच चांगले चांगले मेकॅनिक हात टेकतात. समजा सोळा प्रोग्राम आहेत. पहिले आठ चालू ठेवले, ठीक चाललं. दुसरे आठ चालू ठेवले, तेही ठीक. मग ‘सगळं नीट आहे, तुमचाच काहीतरी भ्रम’ असं म्हणून सोळाही चालू केले, की निळी स्क्रीन. या तीन निकालांत विसंगती काहीच नाही. उलट त्यांनी मोठी बातमी दिली : भांडणाऱ्यांपैकी एक पहिल्या आठात आहे, दुसरा दुसऱ्या आठात. आता पहिले आठ सगळे चालू ठेवून दुसऱ्या आठांतले चार, मग दोन, मग एक असं करत त्या बाजूचा गडी गाठायचा. तो सापडला की त्याला चालू ठेवून पहिल्या आठांची तशीच फोड करायची. सोळा प्रोग्रामच्या जोड्या होतात १२०. या रीतीने त्यांतली भांडणारी जोडी जास्तीत जास्त आठ चाचण्यांत हाती लागते. मेकॅनिकचा एक दिवस जाईल. फॉरमॅट मारून सगळं परत बसवायलाही तेवढाच जातो.

दोन पथ्यं मात्र आहेत. चाचणी म्हणजे नुसतं चालू करून डेस्कटॉप पाहणं नव्हे. ज्या कामात पडतो ते काम, अंगठा, सही, प्रिंट, त्याच क्रमाने करून पाहायचं. संगणक दोन दिवसांतून एकदाच पडत असेल तर तासाभरात न पडल्याने काहीही सिद्ध होत नाही, तितके दिवस थांबावं लागतं. आणि एमएसकॉन्फिगच्या यादीत कर्नलमधले ड्रायव्हर येत नाहीत. अँटिव्हायरसवरची खूण काढली तरी त्याची चौकी आत बसलेलीच असते. अशांना त्या कंपनीने दिलेल्या खास काढणाऱ्या प्रोग्रामनेच मुळासकट काढून चाचणी घ्यावी. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त जुजबी ड्रायव्हर घेऊन उठतं. तिथे संगणक ठणठणीत चालत असेल तर संशय या बाहेरच्या ड्रायव्हरवर पक्का होतो.

ही पद्धत नवी नाही. १९९० च्या दशकात अ‍ॅपलच्या मॅकवर, ज्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांची पानं लागत, ‘एक्स्टेन्शन’ नावाच्या जोडप्रोग्रामांची अशीच भांडणं होत. ‘कॉन्फ्लिक्ट कॅचर’ नावाचं सॉफ्टवेअर चक्क स्वतः निम्मे-निम्मे बंद करत, संगणक पुन्हा पुन्हा चालू करत दोषी शोधून द्यायचं. ते लिहिणाऱ्या जेफ रॉबिन यांनी पुढे एक गाणी वाजवणारा प्रोग्राम केला, तो अ‍ॅपलने विकत घेतला, आणि २००१ मध्ये तोच आयट्यून्स म्हणून आला. भांडणं सोडवणाऱ्याला बढती मिळाल्याचं हे विरळा उदाहरण.

जोडी सापडल्यावरचं काम थोडं. दोघांची नवी आवृत्ती आहे का पाहायची; बहुतेक भांडणं कंपन्यांनी आधीच मिटवलेली असतात, फक्त आपल्याकडे जुनी सीडी असते. नाहीतर ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करून मागच्या आवृत्तीवर जायचं. नको असलेल्या जुन्या थम्ब मशीनची सर्व्हिस काढून टाकायची. दोन्ही हवेच असतील तर दोन संगणकांवर वाटून द्यायचे, एकावर सही, दुसऱ्यावर अंगठा. आणि सिस्टिम रिस्टोअर आजच चालू करून ठेवायचं, कारण बऱ्याच संगणकांवर ते बंद असतं आणि गरज पडल्यावर मागे जायला खुणाच नसतात. फॉरमॅटला माझा सरसकट विरोध नाही. विषाणूने घर पोखरलं असेल तर तोच उपाय. पण मारण्याआधी मिनिडम्पच्या फाइली आणि बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि नंतर सगळं एका दिवसात परत न टाकता एकेक टाकत, मधे काम करत जावं.

१९ जुलै २०२४ ला हा विषय सगळ्या जगाला एकदम कळला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी माहितीची फाइल पाठवली. तिच्यात २१ रकाने होते, कर्नलमध्ये बसलेल्या प्रोग्रामला मिळत होती २० रकान्यांचीच माहिती. एकविसावा वाचायला तो भलत्याच मेमरीत गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण पडलेला संगणक नवी फाइल घ्यायला उठतच नव्हता. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हे उत्पादन मोठ्या कंपन्या वापरतात, आपल्या केंद्रांवर ते नसतं. उपाय मात्र यवतमाळच्या कोणत्याही मेकॅनिकला जमेल असा होता : सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा, पुन्हा चालू करा. फॉरमॅट लागला नाही.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरसना कर्नलच्या बाहेर काढण्याचं काम हाती घेतलं आहे. ते पूर्ण व्हायला वेळ लागेल, आणि अंगठ्याच्या यंत्रांचे जुने ड्रायव्हर तोवर आपल्या जागी असतीलच. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये निळी स्क्रीनही काळी झाली आहे. तिच्यावर आता स्टॉप कोडच्या खाली दोषी वाटणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलचं नावही येतं. ते काही क्षणच दिसतं, तेव्हा मेकॅनिकला फोन लावण्याआधी त्याच फोनने स्क्रीनचा फोटो काढून घ्यावा.